चुलीवरील कर : एक नैतिक विचार

राज्य चालवावयाचे तर कर हवा, याविषयी दुमत असावयाचे कारण नाही. रस्ते, पाणी, शाळा, दवाखाने, सीमेवरील सैन्य यांपैकी एकही गोष्ट कराविना उभी राहत नाही. तेव्हा कर असावा की नसावा, हा वाद निरर्थक होय. तो कोणत्या वस्तूवर असावा, किती असावा आणि कोणाच्या शिरावर पडावा, हा खरा प्रश्न आहे; आणि तो जितका अर्थशास्त्राचा तितकाच नीतिशास्त्राचाही आहे. प्रस्तुत लेखात त्या विस्तृत प्रश्नाचा एकच लहानसा भाग विचारार्थ घेण्याचे योजिले आहे. ज्या इंधनावर घरचे अन्न शिजते त्या इंधनावर राज्याने कर घ्यावा काय, आणि घ्यावयाचा तर कोणत्या मर्यादेत?

थंड देशांत हाच प्रश्न घर उबदार ठेवण्याच्या खर्चाच्या रूपाने उभा राहतो. लंडन किंवा टोरांटो येथे स्थायिक झालेली आपली मराठी कुटुंबे हिवाळ्याचे कित्येक महिने गॅस वा तेल जाळून घरे तापवितात, आणि त्या बिलावरील कर हा तेथे घराघरांतील चर्चेचा विषय असतो. आपल्या सिल्वासा परिसरात हिवाळा सौम्य. खानवेल, दुधनीकडील पाड्यांवर पौष-माघात पहाटे शेकोटी पेटते, शहरात आंघोळीचे पाणी थोडे अधिक तापवावे लागते, इतकेच. परंतु चूल मात्र बाराही महिने, दिवसातून दोन वेळा पेटावीच लागते. म्हणून आपल्याकडे हा प्रश्न शेकोटीचा नव्हे, चुलीचा होय.

अन्न आणि इंधन यांचे नाते आपण बहुधा विसरतो. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखालील लाभधारकांस १ जानेवारी २०२३ पासून धान्य विनामूल्य मिळू लागले. प्राधान्य गटातील कुटुंबास माणशी दरमहा ५ किलो असे त्याचे प्रमाण आहे. हे कार्य निःसंशय पुण्याचे आहे. परंतु कच्चा तांदूळ कोणाचे पोट भरीत नाही. तो शिजल्यावरच अन्न या नावास पात्र होतो, आणि शिजविण्यास जे लागते ते विनामूल्य मिळत नाही. मिठावर व सुट्या धान्यावर वस्तू व सेवा कर नाही; त्या धान्यास शिजविणाऱ्या घरगुती गॅसवर मात्र २०१७ साली ही करपद्धती आली तेव्हापासून ५ टक्के कर आहे, आणि सप्टेंबर २०२५ च्या फेररचनेनंतरही तो तसाच राहिला. ज्या तत्त्वाने धान्य करमुक्त ठेवले, ते तत्त्व भांड्याखालील विस्तवापर्यंत येऊन का थांबले, असे कोणी विचारल्यास त्याचे उत्तर देणे सोपे नाही.

आपल्या प्राचीन ग्रंथकारांनी करासंबंधी जो विचार केला त्याचे सार एका सुंदर दृष्टान्तात साठविलेले आहे. भ्रमर फुलास इजा न करता मध घेतो, वासरू गाईस न दुखविता दूध पिते, तसा राजाने प्रजेपासून कर घ्यावा, असे मनुस्मृतीत व महाभारताच्या शांतिपर्वात सांगितले आहे. या दृष्टान्तात एक बारकावा आहे, तो लक्षात घेण्याजोगा आहे. मध हा फुलाचा अतिरिक्त भाग होय. पाकळी किंवा देठ नव्हे. कर घ्यावयाचा तो जीवनास आधारभूत असलेल्या वस्तूतून नव्हे, तर ती भागवून जे उरते त्यातून, असा त्याचा अर्थ होतो.

मराठी राज्यातही हा विचार केवळ पोथीत राहिला नव्हता. रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ १७१५ च्या सुमाराचे. त्यात आरमारासाठी लागणाऱ्या लाकडाविषयी जे सांगितले आहे ते पाहावे. आंबा, फणस यांसारखी झाडे आरमाराच्या उपयोगाची खरी, परंतु रयतेने ती लेकराप्रमाणे वाढविलेली असतात. म्हणून त्यांस हात लावू नये, आणि एखादे झाड फारच जीर्ण झाले असेल तर धन्यास राजी करून, त्याचा मोबदला देऊन मगच ते तोडावे, असा तेथील आशय आहे. आरमार हे राज्याच्या रक्षणाचे साधन. त्याची गरज लटकी नव्हती. तरीही राज्याची गरज खरी आहे एवढ्यानेच गरिबाच्या अंगणात हात घालण्याचा अधिकार प्राप्त होत नाही, हे त्या मुत्सद्द्यास पूर्णपणे ठाऊक होते.

साक्षात चुलीवर कर बसविल्याचे उदाहरणही इतिहासात आहे. इंग्लंडात १६६२ साली दुसऱ्या चार्ल्सच्या राजवटीत घरातील प्रत्येक चुलाण्यामागे वर्षाला दोन शिलिंग असा कर बसविण्यात आला. चुलाणी मोजण्यासाठी अधिकारी घरात शिरू लागले, आणि लोकांस तो कर इतका अप्रिय झाला की १६८९ साली राज्यक्रांतीनंतर तो लगेच रद्द करावा लागला. तथापि हेही नमूद केले पाहिजे की, त्या अप्रिय कायद्यातसुद्धा अत्यंत गरीब घरांस सूट होती. तीनशे साठ वर्षांपूर्वीच्या राजसत्तेसही एवढा विवेक सुचला होता.

आपल्या देशातील सर्वांत बोलके उदाहरण मिठाचे. २६ मार्च १९०२ रोजी नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी व्हाइसरॉयांच्या कायदेमंडळात अंदाजपत्रकावर आपले पहिले भाषण केले. सरकारी तिजोरीत शिल्लक पडत असता गरिबाच्या मिठावर मणामागे अडीच रुपये कर घेणे न्याय्य नाही, हा त्यांच्या प्रतिपादनातील एक प्रमुख मुद्दा होता. पुढील वर्षी तो कर दोन रुपयांवर आला. पुढे १९३० साली येथून फारशा दूर नसलेल्या दांडीस व धारासण्यास जे घडले ते सर्वश्रुत आहे. धारासणे आज आपल्या शेजारच्या वलसाड जिल्ह्यातच आहे. मिठावरील तो कर १९४७ साली संपला. त्या कराची रक्कम एका घरापुरती पाहिली तर अल्प होती. मग त्याविरुद्ध एवढा क्षोभ का झाला? कारण मिठावाचून कोणाचे चालत नाही, आणि श्रीमंत मनुष्य गरिबापेक्षा दहापट मीठ खात नाही. जी वस्तू सर्वांस सारखीच लागते तिच्यावरील सारखा कर हा वस्तुतः विषम कर होय. दरमहा लाख रुपये मिळविणारा आणि दहा हजार मिळविणारा या दोघांच्याही घरी भात शिजावयास जवळजवळ तितकाच विस्तव लागतो.

आता सद्यःस्थितीकडे वळू. इंधनावरील कराचा भार चुलीपर्यंत तीन वाटांनी येतो, आणि त्या तिन्ही वाटा निरनिराळ्या ओळखल्यावाचून न्यायनिवाडा करता येत नाही.

पहिली वाट सरळ आहे. एप्रिल २०२५ मध्ये दिल्लीत १४.२ किलोच्या घरगुती टाकीची किंमत ८५३ रुपये झाली. तीत कराचा भाग सुमारे ४० रुपयांचा. उज्ज्वला योजनेतील कुटुंबास त्या वेळी प्रत्येक टाकीमागे ३०० रुपये अनुदान होते. म्हणजे सरकार एका हाताने ४० घेते व दुसऱ्या हाताने ३०० देते. तेव्हा निव्वळ हिशेबाने पाहता या गरीब कुटुंबावर कर पडत नाही, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. परंतु टाकी दाराशी येते तेव्हा पूर्ण किंमत मोजावी लागते आणि अनुदान मागाहून बँकेत जमा होते. रोजावर पोट असलेल्या घरात एकरकमी आठशे रुपये काढणे हीच खरी अडचण असते. सरकारच्याच आकड्यांप्रमाणे उज्ज्वला कुटुंबे २०१९-२० मध्ये वर्षाला सरासरी ३ टाक्या घेत होती, आणि २०२४-२५ मध्ये हे प्रमाण साडेचारच्या जवळ पोहोचले. वाढ झाली ही समाधानाची गोष्ट. परंतु एवढ्या टाक्यांत कुटुंबाची वर्षभराची चूल भागत नाही. उरलेले दिवस लाकूडफाट्यावरच निघतात.

दुसरी वाट छुपी आहे. ती डिझेलची. मे २०२० मध्ये जागतिक बाजारात खनिज तेल मातीमोल झाले असता केंद्रीय अबकारी कर पेट्रोलवर लिटरमागे १० व डिझेलवर १३ रुपयांनी वाढविण्यात आला. डिझेलवरील एकूण अबकारी ३१.८३ रुपयांवर गेली. पुढे नोव्हेंबर २०२१ व मे २०२२ मध्ये ती उतरवून १५.८० करण्यात आली, आणि एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा दोन रुपये वाढली. यावर राज्यांचा मूल्यवर्धित कर पडतो, आणि तो अबकारीसह किंमतीवर आकारला जातो. म्हणजे करावर कर. नाशिकचा कांदा सिल्वाशाच्या बाजारात येतो तो डिझेलवर, वापीहून गॅसच्या टाक्या येतात त्याही डिझेलवरच. ज्या बाईने आयुष्यात कधी पेट्रोलपंपाची पायरी चढली नाही, तीही कांद्याच्या भावातून हा कर भरीत असते. आणि आपण तो भरतो हे तिला कोणी सांगत नाही.

तिसरी वाट म्हणजे दिलेले परत घेणे. २०१५ साली सरकारने सुस्थितीतील लोकांस गॅसचे अनुदान स्वेच्छेने सोडण्याचे आवाहन केले, आणि एक कोटीहून अधिक कुटुंबांनी ते सोडले. आपण सोडलेला घास अधिक गरजूच्या मुखी पडेल, या श्रद्धेने झालेला तो त्याग होता. परंतु २०२० च्या मध्यापासून बहुतेक ठिकाणी अनुदानच शून्यावर आले, आणि उज्ज्वला कुटुंबांस ते मे २०२२ मध्ये पुन्हा मिळू लागले. दरम्यान रेशनवरील रॉकेलची किंमत २०१६ पासून थोडीथोडी वाढवीत नेऊन २०२० पर्यंत त्याचेही अनुदान संपविण्यात आले होते. ज्याच्या खिशातून पैसा जातो त्याच्या दृष्टीने कर वाढणे व साहाय्य थांबणे यांत भेद नाही. नीतीच्या दृष्टीने तर दुसऱ्याचा दोष अधिक, कारण तेथे विश्वासही गुंतलेला असतो.

या सर्व गोष्टींचे प्रतिबिंब आपल्या या लहानशा प्रदेशात जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसेल. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीज अंमलातून मुक्त झाले तेव्हा हा वनवासी शेतकऱ्यांचा मुलूख होता. पुढे येथे उद्योग यावेत म्हणून कारखान्यांस विक्रीकरातून व आयकरातून वर्षानुवर्षे सूट देण्यात आली. त्या सवलतीमुळेच आमली, मसाट, पिपरिया येथे कृत्रिम धाग्याचे व प्लास्टिकचे कारखाने उभे राहिले आणि हजारो हातांस काम मिळाले. ते धोरण चुकीचे होते असे म्हणण्याचा येथे उद्देश नाही. परंतु त्यातून एक तत्त्व सिद्ध झाले, ते असे की, राज्याने एखादी गोष्ट जगविण्यायोग्य मानली म्हणजे तिच्यावरील कर सोडण्यास तिजोरी आड येत नाही. आजही कारखानदाराने व्यापारी गॅसवर भरलेला १८ टक्के कर त्याच्या मालावरील करातून वजा मिळतो. गृहिणीस अशी वजावट नाही. कराची साखळी जेथे संपते ते टोक म्हणजे तिची चूल.

आणखी एक विसंगती पाहावी. कारखान्यांत काम करण्यास परप्रांतातून आलेले मजूर चाळींतून एका खोलीत चौघे-पाच राहतात. ज्याच्यापाशी रीतसर जोडणी नाही तो खुल्या विक्रीची ५ किलोची लहान टाकी घेतो. ती घरगुती दराने मिळत नाही, व्यापारी दराने मिळते, आणि तीवरील करही १८ टक्के. ऑगस्ट २०२१ मध्ये उज्ज्वलेच्या दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरितांस स्वतःच्या प्रतिज्ञापत्रावर जोडणी देण्याची सोय झाली, हे खरे. तथापि ती योजना कुटुंबातील प्रौढ स्त्रीच्या नावावर असल्यामुळे एकट्या मजुरास तिचा उपयोग नाही. परिणामी बंगल्यातील स्वयंपाकघरास ५ टक्के आणि चाळीतील स्टोव्हास १८ टक्के, असा हा न्याय उलटा झाला आहे. तसेच पालघरच्या बाजूने येणारे वाहनचालक हद्द ओलांडताच येथील पंपावर टाकी भरून घेतात, हे आपण वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. तेल तेच, परंतु रेषेच्या अलीकडे एक कर व पलीकडे दुसरा. ज्याला वाहन आहे तो रेषा ओलांडू शकतो. डोक्यावर मोळी घेऊन मांदोनी-सिंदोनीच्या वाटेने चालणारी स्त्री कोणती रेषा ओलांडणार?

येथे एक आक्षेप येतो, आणि तो गंभीरपणे ऐकला पाहिजे. इंधन जाळल्याने हवा बिघडते, पृथ्वी तापते. म्हणून इंधन महाग असणेच पुढील पिढ्यांच्या हिताचे आहे, असे पुष्कळ विचारवंत सांगतात. या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु एखाद्या वस्तूपासून मनुष्यास परावृत्त करण्यासाठी कर बसवावयाचा तर त्यास जाण्यासाठी दुसरी, अधिक चांगली वाट मोकळी असली पाहिजे. मोटारीवरील कर टाळणारा मनुष्य बसने जाऊ शकतो. गॅस टाळणारी स्त्री कोठे जाते? ती लाकडाच्या धुराकडे परत जाते. घरातील अशा धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसे मृत्यू पावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांत स्त्रिया व लहान मुले यांचा वाटा मोठा. म्हणजे गॅसवरील कर चुकविला जातो तेव्हा तो नाहीसा होत नाही. तो रुपयांऐवजी डोळ्यांतील पाण्याने, छातीतील खोकल्याने आणि रानात घालविलेल्या तासांनी भरला जातो. हा कर कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही, आणि त्याचा एक पैसाही तिजोरीत जमा होत नाही. ज्यात देणाऱ्याचे सर्व जाते व घेणाऱ्यास काहीच मिळत नाही, त्या कराचे समर्थन कोणत्या शास्त्राने करावे?

परदेशांचा अनुभवही हेच सुचवितो. ब्रिटनमध्ये १९९४ च्या एप्रिलात घरगुती इंधनावर ८ टक्के कर बसला. तो साडेसतरा टक्के करण्याचा बेत त्याच वर्षीच्या डिसेंबरात संसदेने हाणून पाडला, आणि १९९७ साली तो ५ टक्क्यांवर आला. फ्रान्समध्ये नोव्हेंबर २०१८ मध्ये इंधनकराविरुद्ध खेड्यापाड्यांतील लोक पिवळी जाकिटे घालून रस्त्यावर उतरले, आणि नियोजित वाढ सरकारला सोडून द्यावी लागली. कॅनडाने कराची बरीचशी रक्कम कुटुंबांस परत देण्याची पद्धत ठेविली होती. ती न्यायाची होती. परंतु २०२३ मध्ये घर तापविण्याच्या तेलास सूट दिली व गॅसवर घरे तापविणाऱ्यांस दिली नाही, तेव्हा पक्षपाताची भावना बळावली, आणि १ एप्रिल २०२५ पासून ग्राहकांवरील तो करच थांबला. लोक कराचा भार एक वेळ सोसतात, परंतु त्यातील पंक्तिप्रपंच सोसत नाहीत, असा याचा बोध आहे.

या विवेचनावरून काही निष्कर्ष मांडता येतील. एक, कुटुंबाची चूल चालण्यास जेवढे इंधन अवश्य आहे तेवढे धान्याप्रमाणेच करमुक्त असावे. त्यापलीकडील उपभोगावर कर घेण्यास हरकत नाही. दोन, एकाच कामासाठी लागणाऱ्या इंधनावर गरिबास श्रीमंतापेक्षा अधिक दराने कर पडू नये. चाळीतील लहान टाकी ही घरगुतीच मानावी. तीन, जो कर वस्तूंच्या भावात लपून येतो त्याचा आकडा सरकारने लोकांस उघड सांगावा, कारण न कळता दिलेल्या गोष्टीस संमती म्हणत नाहीत. चार, साहाय्य द्यावयाचे तर ते टाकी घेताना मिळावे, मागाहून नव्हे. यामुळे तिजोरीस तूट येईल, हे मान्य. ती कोठून भरून काढावी हा राज्यकर्त्यांच्या चातुर्याचा विषय आहे; परंतु ज्यांनी उद्योगांसाठी वर्षानुवर्षे सूट देण्याचे चातुर्य दाखविले त्यांस चुलीसाठी ते दाखविणे अशक्य असावे, असे वाटत नाही.

शेवटी आपल्या स्वतःच्या कर्तव्याचा विचार केल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. सरकारास दोष देणे सोपे असते. परंतु ज्यांच्या घरी गॅस अखंड असतो अशा आपण मंडळींनी शेजारच्या चाळीतील कुटुंबास जोडणीचा अर्ज भरून देण्यास, बँकेत अडकलेले अनुदान मिळवून देण्यास किंवा टाकीच्या वेळी शे-दोनशे रुपये उसने देण्यास कोणत्या कायद्याची वाट पाहावयाची? अन्नदानास आपण श्रेष्ठ दान मानतो. शिजविण्याच्या साधनाचे साहाय्य हे त्या दानाचेच अंग होय. घरातील माणसे जेविली की नाही याची चौकशी करण्याची चाल आपल्याकडे जुनीच आहे. तिच्यात चूल कशावर पेटली, या प्रश्नाचीही भर घालावी. वाचकांनी या विषयाचा शांतपणे विचार करावा आणि त्यातील जे ग्राह्य वाटेल ते आचरणात आणावे, एवढी विनंती करून हा लेख पुरा करितो.